मगरीची बायको

थंडीतल्या दुपारी कमाटीबागेच्या पुलावर
लोक कठड्याला पोट लावून उभे असतात.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर ऊन खात पडलेली,
शेजारी एक निळी चप्पल
आणि कुणाच्या तरी गणपतीचा पाट.

ऋत्वी म्हणाली, गोष्ट सांग.
मी सुरू केली. जांभळाचं झाड, झाडावर माकड,
पाण्यात मगर, दोघांची दोस्ती.
माकड जांभळं टाकायचं,
मगर चार तोंडात धरून घरी न्यायची, बायकोला.

मगर ती ना? मग तिची बायको कशी?

शाळेत, गुजरातीत, तिची मगर तो असतो,
घरी माझ्याशी बोलताना ती होते.
आमच्या लहानपणी ही शंका कुणाला आली नव्हती.
आली असेलही, तोवर आम्ही झोपलो असू.

पछी?
पछी बायको म्हणाली, एवढी गोड फळं रोज खातो,
त्याचं मला हवंय…
आणि मी अडकले. काळीज, की हृदय?
खाटकाच्या दुकानात काळीज पोटात असतं,
आईच्या बोलण्यात छातीत.
सासूबाई काळजुं म्हणतात आणि हात गळ्याशी नेतात.

हेरंबला फोन लावला. हॅमिल्टनला पहाटेचे साडेचार,
तो रात्रपाळीला, जागाच.
हृदय, म्हणाला, आणि मागे कसलंसं मशीन वाजलं.
मी म्हटलं, नाही, बाबा काळीज म्हणायचे.
रावपुऱ्याच्या खोलीत दिवे गेलेले,
ते आपल्या दोघांच्या मध्ये आडवे,
वीज मंडळाचा खाकी शर्ट खिळ्याला,
आणि नदीच्या मध्यावर मगर खरं बोलून टाकते
तिथं थांबायचे ते.
काय गरज होती सांगायची? विचारायचे.
आपल्याला नाही. वर, पंख्याला.

गप्प पोहत राहिली असती तर काम झालं होतं तिचं.
पुढं मला वाटायला लागलं,
गोष्ट माकडाच्या हुशारीची नाहीच.
ज्याला फसवायचं त्याचाच भार पाठीवर,
आणि काठ अजून लांब,
तेव्हा तोंडातून जे निघून जातं, त्याची आहे.
मी स्वतः दोनदा अशी मध्यावर बोलले आहे.
एकदा नोकरी गेली.

आणि शेवट, हेरंब, शेवट आठवतो?
दुसऱ्या दिवशी मगर परत येते.
माकड बोलत नाही.
पण जांभळं टाकतं.

हेरंब हसला नाही, तेच वाईट.
अगं, दिवे गेले म्हणजे बाबा घराबाहेर.
खांबावर असायचे ते.
अंधारात बाबा घरी, असं एकदाही झालेलं नाही.

मशीन पुन्हा वाजलं.
पागेदार कंपाउंडर असतील, म्हणाला,
आपल्या गोवरात बसायचे ना उशाशी.
आणि जांभळं? परत? छे.
माकडानं हाकलून दिलं तिला.

पागेदारांचा मला टिंक्चरचा वास आठवतो,
एक पडका दात, बाकी काही नाही.
त्या दातातून काळीज हा शब्द कसा निघत असेल
ते ऐकायचा प्रयत्न केला. बाबांचाच आवाज आला.
या एका गोष्टीपायी मी बाबांना
बरंच काही माफ करून टाकलंय.
ते आता कुणाच्या नावावर घालू?
आणि ती जांभळं कुणी टाकली?

मग? ऋत्वी म्हणाली, या वेळी मराठीत.
खाली बघितलं तर गाळावर नुसता ओला पट्टा,
चप्पल होती तिथंच.
मी उरलेली गोष्ट भराभर उरकली.
फाटकाशी पावशेर बोरं घेतली, मीठ लावून.

रात्री ती बापाला सांगत होती:
मगर तो, माकड ती,
झाडावर बोरंच बोरं.
एवढ्या काट्यांत ती बसली कशी? त्यानं विचारलं.
जपून, ऋत्वी म्हणाली.